डावं पेडल

सप्टेंबर २००६, दुसरा रविवार, सकाळी सात, क्युपर्टिनो. हजर: मी, माझा नवरा संजय, शेजारच्या नंदाताई, त्यांचे यजमान दिलीपराव. सायकली चार.

त्या दिवसाच्या यादीच्या माथ्यावर एवढं लिहिलंय. त्याखालचं मी कुणापुढे बोललेले नाही. संजयपुढेही नाही.

मी याद्या करणारी बाई आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. राइडच्या आदल्या दिवशी चारही सायकलींची हवा, ब्रेक, चेन मीच तपासायची. पेडलंही मीच निवडली. बुटाच्या तळाची पट्टी त्यांत खटकन अडकते, आणि सुटायला टाच बाहेर वळवावी लागते. दोन्ही बाजूंनी अडकणारी घेतली, म्हणजे नवख्या माणसाला बाजू शोधत बसायला नको. निवड चांगली होती. आजही तीच घेईन.

नंदाताई त्रेपन्न वर्षांच्या. नागपुरात लहानपणी सायकल भावांना मिळाली, त्यांना नाही. त्या इथे येऊन शिकल्या. दोन आठवडे आमच्या गॅरेजच्या भिंतीला हात टेकून, माझ्या सायकलवर त्यांनी पाय अडकवायचा-सोडवायचा सराव केला. "अगं, लग्नातसुद्धा इतकी अडकले नव्हते," म्हणायच्या. त्यावर दिलीपराव, "सुटायचीच प्रॅक्टिस जास्त चाललीय."

शनिवारी त्यांची स्वतःची पेडलं आली, ती मीच बसवली. नव्या पेडलांची पकड घट्ट असते. नवख्यासाठी स्क्रू फिरवून ती सैल करावी लागते. यादीत तसं लिहिलं होतं: दोन्ही पेडलं सैल करणे. आणि माझी एक सवय — काम हातात घेतलं की टिक आधीच करायची. मी हातात घेतलं म्हणजे होणारच, नाही का? उजवं सैल केलं. तेवढ्यात संजयनं जेवायला हाक मारली. हात धुतले, जेवले. संध्याकाळी यादी पाहिली — सगळीकडे टिक.

रविवारी पहिल्याच सिग्नलला नंदाताई थांबल्या, सायकल डावीकडे कलली, आणि पाय निघेना. उभ्या-उभ्या पडल्या. मनगट मोडलं.

मी शेजारीच होते. त्यांची टाच वळत होती — मी पाहिलं. पुन्हा पुन्हा वळवत होत्या त्या. आणि सगळ्यांत आधी कोण बोललं? मीच. "ताई, टाच वळवायला विसरलात."

"हो गं," त्या म्हणाल्या. "विसरलेच असणार."

संजयनं गाडी आणली, तो आणि दिलीपराव त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. त्यांची सायकल मी ढकलत आमच्या गॅरेजमध्ये आणली. दार लावलं. आणि डावं पेडल सैल करून ठेवलं.

घाबरून केलं म्हणू? नाही. हात अगदी स्थिर होते.

मनगट दोन महिन्यांत जुळलं. पण नंदाताईंनी सायकल विकली. मग फ्रीवेवर गाडी चालवणं सोडलं — "माझे हातपाय वेळेवर ऐकत नाहीत गं." फ्रीमॉंटच्या मराठी शाळेत दर शनिवारी शिकवायला जायच्या, तेही गेलं. ओळखीत कुणी पेडलांचा विषय काढला की स्वतःच हसत सांगतात, आपण कशा वेंधळ्या ते. मी तिथेच असते. मीही हसते.

आज दोन वर्षं झाली. त्यांचं दार आमच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं राहिलंय.