बुजवलेल्या भेगा

नाव होतं त्याला, पण सगळे बुजव्याच म्हणत. भेग दिसली की या गवंड्याचा जीव खालीवर व्हायचा. पाहुणा म्हणून कुणाकडे गेला तरी चहा राहायचा बाजूला आणि बोटं भिंतीवरून फिरायची. बायको म्हणायची, "माझ्या टाचा तेवढ्या दिसत नाहीत तुम्हाला." काम मात्र असं चोख, की नाव ठेवायला जागा नाही. आणि तेच त्याच्या डोक्यात गेलं होतं.

त्याच्या ताईचं घर उंच कड्याला अगदी खेटून. कड्याच्या भेगांतून बारा महिने पाणी ठिबकायचं आणि मागच्या दारी वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडे डाग पडायचे. "भाऊ एवढा गवंडी, आणि माझ्या चादरी बघ," ताई म्हणाली. झालं. बुजव्याने परांची बांधली, पंधरा दिवस खपला आणि घरामागची एकूण एक भेग सिमेंटने बंद केली. पाणी थांबलं. "आता तीस वर्षं बघायला नको," तो म्हणाला. ताईने गल्लीभर भावाचं कौतुक सांगितलं.

चौथ्या हिवाळ्यात तो एका जुन्या दगडी भिंतीवर काम करत होता. तिचे सांधेही कधीकाळी त्यानेच सिमेंटने भरले होते. छिन्नी मारली तर आतून भसकन पाणी आलं आणि मागोमाग वीतभर दगड भिजल्या बिस्किटासारखा हातात सुटला. त्याने फटीत बोटं घालून पाहिली. पाणी थांबलं नव्हतंच, आत तुंबलं होतं. त्या डोंगरगावच्या कडाक्याच्या थंडीत रात्री गोठून फुगायचं आणि दगड रेटायचं. दिवसा वितळून रुंदावलेल्या फटीत आणखी खोल उतरायचं. रात्री पुन्हा तेच. भेग ही पाण्याची बाहेर पडायची वाट होती, आणि कड्यावरही ती यानेच बंद केली होती.

तसाच तो ताईकडे गेला.

"कड्यात थोडं पाणी साचलंय वाटतं," तो म्हणाला. "चार दिवस आमच्याकडे राहायला चला. मी भेगा उकरतो."

"चांगलं काम उकरणार?" ताई हसली. "डोकं ठिकाणावर आहे ना? पुन्हा चादरी घासत बसू मी?"

भाऊजी म्हणाले, "थंडी सरू दे. मग काय उकरायचं ते उकर."

अरे बाबा, सांग की त्यांना. मी चुकलो, कडा तुमच्या डोक्यावर येणार आहे, उठा आत्ताच्या आत्ता. एवढंच तर बोलायचं होतं. पण चाळीस वर्षांचं नाव आडवं आलं. त्याने चहा घेतला आणि घरी गेला.

तीन दिवसांनी लख्ख ऊन पडलं. भरदुपारी खोलीएवढा कातळ सुटला आणि मागच्या स्वयंपाकघरावर आला. ताई आत भांडी घासत होती. भाऊजी पुढच्या खोलीत होते म्हणून वाचले.

तिला पोचवून आल्यावर भाऊजींनी बुजव्याचा हात हातात घेतला. "तू भेगा भरल्यास म्हणून चार वर्षं तरी मिळाली. ती म्हणायची, माझ्या भावाचं काम आहे, मला कसली भीती."

तेव्हा त्याचा बांध फुटला. "पाणी मीच आत कोंडलं, भाऊजी. मला कळलं होतं, तरी मी बोललो नाही. तिला मी मारलं."

"असं बोलू नये," भाऊजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. शेजारणीने पाण्याचा पेला पुढे केला. "बहिणीवर फार जीव होता हो. दुःखात माणूस काहीबाही बोलतो."

महिन्याभरात शेजारणीच्या घरामागे कड्याला दुसऱ्या गवंड्याची परांची उभी राहिली. तिच्याकडच्या भेगा अजून उघड्या होत्या ना. बुजव्या रोज तिथे जातो, परांचीखाली उभा राहून तेच तेच सांगतो, आणि कुणीतरी त्याला हाताला धरून मायेने घरी आणून सोडतं.