साडीचा शेजार

आमच्या क्रांतीला रंगातलं कळतं, हे मी मान्य करते. बाकी तिला काय कळतं याबद्दल माझं मत विचारू नका.

क्रांती माझी धाकटी जाऊ. गडमुडशिंगीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, ओढण्या असा सगळा माल. पूर्वी बायका यायच्या, साडी दाखवायच्या, जुळणारा ब्लाउजपीस घेऊन जायच्या, विषय मिटायचा. मग क्रांतीच्या हातात मोठा मोबाईल आला. त्यात ती तासन्‌तास काय काय बघत बसायची आणि त्यातून तिच्या डोक्यात शिरलं की नुसतं कापड विकून भागत नाही, अख्खी बाई जुळवून द्यावी लागते.

तेव्हापासून आमच्या दारात भलतीच भाषा ऐकू येऊ लागली. शेजारची शालूबाई कांद्याच्या रंगाची शिफॉन साडी घेऊन आली, तर क्रांती तिला म्हणाली, "ह्याच्याखाली झुळझुळीत काय घालू नगा. खणाचं खरबरीत ब्लाउज घ्या. एक झुळझुळीत, एक खरबरीत. दोन्ही झुळझुळीत झालं की बघणाऱ्याची नजर घसरती."

शालूबाईनं स्वतः घसरल्यासारखा भिंतीला हात लावला आणि खणाचं कापड घेतलं.

क्रांतीचं म्हणणं असं, की बाईला कपाटभर कपडे लागतच नाहीत. चार गोष्टी अशा घ्याव्यात, की त्या कशाहीबरोबर चालतील. "साडी बदलू नगा, साडीचा शेजार बदला," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि सगळ्यात चांगला शेजार कोणता, तर काळा. एक साधं काळं ब्लाउज घ्या, एक काळी कोटी घ्या, मग वर मोरपंखी टाका, राणी टाका, वांगी टाका, सगळं पेटून उठतं.

इथं गाडी अडली. गावात लग्नाकार्याला काळं कोण घालणार? आमच्या सासूबाई अंबूबाई, ज्यांना आम्ही दोघी आत्ती म्हणतो, त्यांनी दुकानाच्या उंबऱ्यात उभं राहून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत निकाल दिला. "काळं फकस्त संक्रांतीला. माझ्या घरातनं हळदीला काळं जायाचं न्हाय." क्रांतीनं आणलेल्या काळ्या ब्लाउजपीसांचा ढीग तसाच पडून राहिला आणि त्यावर आमचं मांजर झोपायला लागलं.

आता हिचं स्वतःचं सांगते. गावाला राणी आणि मोरपंखी नेसवणारी ही बाई स्वतः काय नेसायची? दुधी. नाहीतर राखी. नाहीतर भाताच्या पेजेसारखा एक रंग, ज्याला कुठल्याही दुकानात नाव नाही. क्रांती काळी आहे. सावळी-बिवळी म्हणून मी तिची समजूत काढत नाही, काळी आहे. राधानगरीकडचं तिचं माहेर. ती लहान असल्यापासून तिचे वडील दुकानदाराला सांगायचे, पोरीला फिक्कं दाखवा. लग्नात तिला फिक्कट गुलाबी शालू होता आणि तोंडाला इतकी पावडर, की फोटोत चेहरा एकीचा आणि मान दुसरीची दिसते. पुढं तिच्या फिक्क्याचा कारभार आत्तींनी हातात घेतला. सणाला दोन साड्या आणायच्या आणि त्यातली पांढुरकी न विचारता क्रांतीच्या हातात द्यायच्या. मी म्हणायची, हिला एकदा तरी लाल घेऊ दे. आत्ती म्हणायच्या, "लाल तिला न्हाय खुलत." आणि क्रांती मान डोलवायची. मला तेव्हा दोघींचाही राग यायचा, पण क्रांतीचा जास्त. दुसरीच्या साडीवर बोलताना जिची जीभ थकत नाही, ती आपल्या वेळेला मुकी का होते?

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला सगळं फिरलं. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात, मोटरसायकलीमागं पळवतात, हे काही मी सांगायला नको. माझे धाकटे दीर बाळासो, म्हणजे क्रांतीचा नवरा, यांचा सगळा जीव चंद्रा नावाच्या म्हशीत. पाडव्याच्या आधी ते तिला तेल चोळत बसतात, ते प्रेम त्यांनी क्रांतीच्या वाट्याला कधी आणलेलं मी पाहिलेलं नाही. या वेळी क्रांती म्हणाली, म्हस मी सजवते. तिनं चंद्राच्या पाठीवर मोहरीच्या रंगाची मखमली झूल टाकली, कडेला वाईन कलरचे गोंडे लावले. बाळासो शिंगांना सोनेरी रंग लावायला निघाले, तर तिनं डबा काढून घेतला. "शिंगं साधी राहू द्या. नजर कुठंतरी इसावली पायजे."

चंद्रा रस्त्यावर आली आणि माणसं बाकीच्या म्हशी बघायची विसरली. फोटोसाठी झुंबड उडाली. शालूबाई आपली ती कांद्याच्या रंगाची साडी नेसून चंद्राला खेटून उभी राहिली आणि क्रांतीनं मोबाईल धरला. धरला तो धरलाच. शालूबाईवर जी साडी धुऊन विटल्यासारखी दिसायची, ती चंद्राच्या काळ्या चकचकीत अंगापुढं अशी खुलली, की शालूबाईच्या नवऱ्यानं तिला ओळख विचारली.

"अक्का," क्रांती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काळा शेजार सापडला."

आत्तींना हरकत घेता येईना. त्या म्हणाल्या, "म्हस म्हंजे लक्ष्मी. लक्ष्मीचं काळं चालतंय." झालं. ब्लाउजातलं काळं अपशकुनी, म्हशीचं काळं मंगल, असा आमच्या घरात कायदा झाला.

त्यानंतर क्रांतीनं दुकानातल्या ट्रायल रूमचा पडदा काढून गोठ्याला लावला. बाई आली की साडी घेऊन आधी चंद्रापाशी. क्रांती चंद्राच्या पाठीवर पदर टाकायची, चार पावलं मागं जायची, डोळे बारीक करायची. चंद्रालाही मतं फुटू लागली. खण आणि मखमल ती शांत उभी राहून अंगावर घ्यायची. शिफॉन लागलं की कातडी थरथरवून खाली पाडायची. एका बाईच्या झगझगीत पोपटी ओढणीचा गोंडा तिनं खाल्ला, तेव्हा त्या बाईनं भांडायच्या ऐवजी क्रांतीला विचारलं, "म्हंजे पोपटी नको व्हय?"

मग बायका चंद्राला कार्याला मागू लागल्या. हळदीच्या फोटोत नवरी, करवल्या आणि चंद्रा. साखरपुड्यात व्याही, विहिणी आणि चंद्रा. राजारामपुरीत एका फ्लॅटमध्ये डोहाळजेवण होतं, तिथं लिफ्टमध्ये चंद्रा मावेना, तर त्यांनी गरोदर मुलीला झोपाळ्यासकट पार्किंगमध्ये उतरवलं. एका लग्नात तर नवऱ्याकडच्यांनी बैठकीत विचारलं, मुलीच्या फोटोत मागं जी काळी दिसते, ती पण येणार आहे ना.

हाल झाले ते बाळासोंचे. चंद्राला सवयच अशी लागली, की समोर कुणी नीट नेसलेलं उभं असल्याशिवाय ती पान्हा सोडेना. भल्या पहाटे कोण नटून उभं राहणार? शेवटी ते स्वतःच डोक्यावरून वाईन कलरची ओढणी घेऊन धार काढायला बसू लागले. एकदा गोठ्यात कोण बाई शिरली म्हणून मी काठी घेऊन गेले होते.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि मी हसलेही. पण एके दिवशी क्रांतीच्या मोबाईलमधले फोटो बघताना माझ्या ध्यानात आलं, की चंद्राशेजारी अख्खं गाव आहे. मी आहे, आत्ती आहेत, बँकेतल्या मॅडम आहेत, गावात पत्ता विचारायला थांबलेली एक अनोळखी बाईसुद्धा आहे. क्रांती एकाही फोटोत नाही.

मी तिला गोठ्यात गाठलं. ती दुधी साडीचा पदर खोचून शेण काढत होती.

"का गं," मी म्हटलं, "म्हशीवर सगळे रंग खुलतात म्हणून गावभर सांगत फिरतेस. मग तूही तितकीच काळी आहेस की. तुझ्यावर का नाही खुलणार?"

दुसरी एखादी चिडली असती. क्रांती खाली मान घालून म्हणाली, "म्हशीला म्हस म्हणून कुणी चिडवलेलं न्हाय, अक्का. मला शाळंपास्नं चिडवलंय. तिच्याशेजारी मी उभी ऱ्हायलो तर लोकं रंग बघणार न्हाईत, जोडी बघतील."

मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी उगाच चंद्रावर ओरडले आणि आत निघून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी कोल्हापुरातल्या एका महिला मंडळाचं बोलावणं आलं. बोलावणारी अदिती नावाची मुलगी, कपड्यांचंच शिक्षण घेऊन आलेली, गोड आणि उत्साही. मोठा हॉल, व्यासपीठ, बायका आपापल्या साड्या घेऊन येणार आणि क्रांती चंद्रावर टाकून दाखवणार, कुणाचं कशाशी जुळतं. क्रांती दुधी नेसून निघाली. मी म्हटलं, निदान आज तरी. ती म्हणाली, "मला कोण बघतंय? समदी चंद्राला बघणार."

टेम्पोतून चंद्रा उतरली, पायऱ्याही चढली आणि हॉलच्या दारात थांबली. दार काचेचं होतं. चंद्रानं जन्मात आरसा पाहिला नव्हता. मोहरी रंगाची झूल घातलेली, तेलानं चमकणारी म्हस समोर बघून ती अशी हरखली, की तिनं पुढं पाऊल टाकायचं नाव सोडलं. बाळासोंनी हाका मारल्या, पेंड दाखवली, शेवटी ओढणी घेऊन समोर उभे राहिले. चंद्रानं मान वाकडी करून त्यांच्या मागची काच बघितली. तिला दुसरं काही नकोच होतं.

आत हॉल भरलेला. बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या आणि कुजबुज वाढत चाललेली. पहिल्या रांगेतल्या अनुजाबाई नावाच्या गोऱ्यापान बाईंनी हळदीच्या रंगाची, लाल काठाची इरकल आधीच व्यासपीठावर पाठवली होती. ती क्रांतीच्या हातात होती. अदिती घाबरून माइकमध्येच म्हणाली, "ताई, आता काय करायचं? काळ्याशिवाय रंग कळणार कसा? एखादा पडदा काढून आणू?"

क्रांतीनं दाराकडं बघितलं. तिथं काचेपलीकडं चंद्राचं तोंड दिसत होतं. म्हस स्वतःकडं बघत होती, डोळे भरून, कुणाचीही पर्वा न करता. क्रांती बराच वेळ तिकडं बघत राहिली. मला वाटलं आता ही उतरून घरी जाणार, आणि मी पिशवी उचललीसुद्धा.

क्रांतीनं इरकलीची घडी मोडली. दुधी साडीवरूनच तिनं ती गुंडाळली, निऱ्या खोचल्या आणि पदर खांद्यावरून सोडला. पिवळ्या रंगाला तिच्या दंडाशी असं तेज चढलं, की मागच्या बायका उभ्या राहिल्या. लाल काठ तिच्या गळ्याशी येऊन बसला होता. ती इतकी देखणी दिसत होती, की मला तिची ओळख पटवून घ्यावी लागली.

अदितीला मात्र अजून कार्यक्रमाची काळजी. "छान आहे ताई," ती म्हणाली, "पण याच्या शेजारी काळं काय घ्यायचं?"

"मी हाय की," क्रांती म्हणाली.

माइक चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि शेजारच्या बाईनं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसले. नंतर बायकांची रांग लागली. एकेक जण आपला पदर क्रांतीच्या दंडाला लावून बघत होती, आणि क्रांती ताठ मानेनं प्रत्येकीला सांगत होती, हे घ्या, ते नको, ह्याच्यावर खरबरीत घाला.

ती साडी तिनं अंगावरून उतरवलीच नाही. तशीच टेम्पोत बसून घरी आली, तशीच स्वयंपाकाला लागली. आत्तींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्या जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी अनुजाबाई साडी मागायला दारात आल्या. क्रांतीनं त्यांना बसवलं, चहा दिला. मग ती इरकल त्यांच्या गोऱ्या खांद्याला लावली, चार पावलं मागं गेली आणि डोळे बारीक केले. आत्ती उंबऱ्यात बसून बघत होत्या.

"ह्यो रंग तुमास्नी न्हाय खुलत," क्रांती म्हणाली.

तिनं साडीची घडी घातली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. मग मला आतून तिच्या दुधी आणि राखी साड्यांचा गठ्ठा आणायला लावला आणि तो अनुजाबाईंच्या पुढ्यात सरकवला.

"तुमी जरा फिक्कं घ्या," ती म्हणाली. "ह्यातली कुठलीबी घ्या."