पाण्यानं उजळलेलं हरीण

कातळचित्रांवर बोलायला मला कुठेही बोलावलं की ओळख करून देताना हमखास एक फोटो पडद्यावर येतो. लालभडक हरीण, मान मागे वळवलेलं. लोक टाळ्या वाजवतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ते हरीण पनवेलजवळच्या डोंगरातलं. तिथे मला एका कातकरी मावशींनी नेलं होतं. एरवी त्या वीटभट्टीवर राबायच्या, भट्टी बंद असली की रानात. गुहेतला रंग इतका फिका, की कॅमेऱ्यात काही येईना. मी वैतागून बाटलीतलं पाणी भिंतीवर मारलं, रुमालानं टिपलं आणि हरीण असं काही उठून आलं! "अगो बाय!" मावशी ओरडल्या. पाण्यानं रंग सुटतो, भिंतीतलं मीठ वर येतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण आमच्यातले बरेच जण तेव्हा असंच करायचे. एकदाच तर करतेय, म्हटलं.

त्या फोटोवर माझी पीएचडी झाली, नोकरी लागली, पनवेलजवळच विचुंब्याला फ्लॅट झाला. अकरा वर्षं मी त्या डोंगराकडे फिरकलेसुद्धा नाही. लाज वाटते सांगायला.

गेल्या हिवाळ्यात गेले. मावशीच घेऊन गेल्या. भिंतीवर पांढरी पुटं आणि एक लालसर डाग, बस्स.

"दर आठ दिसांनी धुतलं गो बाय, तू केलंस तसंच," त्या म्हणाल्या. "फडक्यानं, हलक्या हातानं. तरी गेलं. माजं काय चुकलं का?"

एवढी शिकलेली मी, आणि चक्क म्हणाले, "छे हो मावशी, पावसानं गेलं."

त्यांचा जीव भांड्यात पडला. तोंडभर हसल्या. "पलीकडच्या घळीत अजून एक हाय, बैल. तुज्यासाठी जपलाय. त्याला पन धुते मी."

गप्प बसले असते तर माझी अब्रू वाचली असती आणि बैल गेला असता.

"मावशी, त्याला पाणी लावू नका. कधीच नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "म्हंजे ह्ये पावसानं नाय गेलं."

"नाही. माझ्यामुळे गेलं. मीच तुम्हाला चुकीचं दाखवलं."

"पन हात तं माजेच व्हते ना गो," म्हणत त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मी कितीदा सांगितलं, तुमचा दोष नाही. त्यांना ते पटलं नाही. बैल त्यांनी मला दाखवला नाही, आणि दाखवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.