हेमाताईंच्या नावापुढचा आकडा

"आपल्या सर्वांच्या लाडक्या हेमाताई आज पहाटे आपल्याला सोडून गेल्या." सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्ष शेखररावांचा हा निरोप आला, तेव्हा मी रजा टाकून तांजोंग पगारच्या ऑफिसातून निघत होते. बातमी मला आधीच कळली होती. त्यांच्या मुलीनं, केतकीनं, हॉस्पिटलमधून फोन केला होता आणि माझं एकदा रडूनही झालं होतं. पण तो 'लाडक्या' शब्द वाचला आणि अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी दोन वर्षं हेमाताईंना लांबून बघून रस्ता बदलला, त्यांच्या या लाडक्या. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी तिथं काही लिहिलं नाही. आता काही आठवडे उलटल्यावर इथं लिहितेय, आणि गोड लिहिणं मला जमणार नाही हे आधीच सांगते.

हेमाताई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात त्यांचं सगळं उमेदीचं आयुष्य गेलं. यजमान तिथं डॉक्टर, त्या सार्वजनिक ग्रंथालयात. यजमान गेल्यावर केतकीनं त्यांना सिंगापूरला आणलं आणि क्लेमेंटीच्या आपल्या फ्लॅटमधली एक खोली दिली. मी तिथून जवळच, क्वीन्सटाउनला. आमची मैत्री जमली ती ब्रिटनच्या मतमोजणीवरून, हे सांगितलं की लोक हसतात. पण खरंच तसं झालं. तिथली सार्वत्रिक निवडणूक होती. तिथं रात्री दहाला मतदान संपतं तेव्हा इथं पहाट असते, म्हणजे निकाल सगळे आपल्या चहा-नाश्त्याला. "एकटीनं बघायला मजा येत नाही गं," म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि मी केवळ त्यांच्या हातच्या उपम्यासाठी गेले.

गेले ती दुपारपर्यंत हलले नाही. टीव्हीवर कुठल्याशा क्रीडागृहात लांबलचक टेबलं मांडलेली, माणसं हातानं कागद मोजताहेत, आणि हेमाताई क्रिकेटच्या समालोचकासारख्या सांगताहेत. ग्रंथालयात असताना त्या कित्येक निवडणुकांना मोजणीच्या कामाला जात. "कुणाला किती मतं, ते आधी बघतच नाहीत," त्या म्हणाल्या. "आधी पेटीत कागद किती आहेत ते मोजायचं. केंद्रावरून जेवढे सांगितलेत तेवढे भरले की पुढची गोष्ट. मग वेगवेगळ्या पेट्यांतले कागद एकमेकांत कालवतात, म्हणजे कुठल्या वस्तीनं कुणाला दिलं ते कुणाला कळू नये. मग उमेदवारांप्रमाणे गठ्ठे. आणि हे सगळं उमेदवारांच्या माणसांच्या नाकासमोर. ती टेबलापलीकडून डोळे वटारून बघत असतात, आम्ही मोजत असतो." तिथं नावापुढं फुली मारून मत देतात, पण कुणी फुलीच्या जागी हसरा चेहरा काढतो, कुणी बरोबरची खूण करतो. असे संशयाचे कागद बाजूला काढून सगळ्यांना दाखवून निर्णय करतात. मतदाराला काय म्हणायचंय ते स्पष्ट असलं की मत धरायचं. हा नियम सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा.

आणि मग त्यांची स्वतःची गोष्ट. गावातलं ते ग्रंथालय बंद करायचं ठरलं तेव्हा या साडी नेसणाऱ्या बाई नोकरी सोडून चक्क लोकसभेला, म्हणजे त्यांच्या पार्लमेंटला, अपक्ष उभ्या राहिल्या. सपाटून आपटल्या. मतं चारशेच्याही आत, डिपॉझिट जप्त. पण ती गोष्ट सांगताना हार त्यांच्या तोंडी यायचीच नाही. "निकाल जाहीर करायच्या आधी निवडणूक अधिकारी सगळ्या उमेदवारांना बाजूला घेतात आणि आकडे दाखवतात. मान्य आहे का विचारतात. नसेल तर फेरमोजणी मागता येते. जिंकणाऱ्याला विचारलं, तसंच मलाही विचारलं. वर माझं नाव कसं उच्चारायचं तेही विचारून घेतलं. मग सगळ्यांना स्टेजवर उभं केलं. माझ्या एका बाजूला माजी मंत्री, दुसऱ्या बाजूला कोंबडीचा वेष घातलेला एक वेडा उमेदवार. आडनावांच्या क्रमानं नावं वाचली, प्रत्येकापुढं आकडा. माझंही नाव, माझाही आकडा. तेवढी माणसं माझ्या बाजूनं होती, अनघा, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं."

आता आमच्या मंडळाकडे येते. आमचं मंडळ छोटं, चाळीसेक घरांचं. इंजिनिअर, बँकवाले, अकाउंटंट, सगळी शिकली-सवरलेली मंडळी. अध्यक्ष कोण, हे दरवर्षी शेखररावांच्या कॉन्डोत बटाटेवड्यांबरोबर ठरायचं आणि सभेत 'बिनविरोध' म्हणून टाळ्या पडायच्या. शेखरराव मोठ्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं गोड, कुणाला नाही म्हणणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी समितीनं मुलांचा शनिवारचा मराठी वर्ग बंद केला. मुलं येत नाहीत, म्हणे. हेमाताई तो वर्ग घ्यायच्या. त्यांनी सांगितलं, मी अध्यक्षपदाला उभी राहते, वर्ग चालू ठेवायचा की नाही ते सभासद ठरवतील. झालं, घरोघरी फोन सुरू. कशाला वितुष्ट, आपण काय राजकारणी आहोत का, या वयात काकूंना हे काय सुचलं...

मतदान झालं खरं. केतकीच्या ब्लॉकखालच्या हॉलमध्ये आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या आणि गणपतीच्या प्रसादाच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. समितीची तीन माणसं तो डबा घेऊन आतल्या पँट्रीत गेली आणि दार लागलं. बाहेर चहा फिरला. तिघं हसतमुखानं बाहेर आली. सेक्रेटरी म्हणाले, "शेखरराव निवडून आले आहेत. आकडे आपण सांगत नाही. आपण सगळे एकाच घरातले, कुणाला वाईट वाटायला नको." टाळ्या.

हेमाताई उभ्या राहिल्या. "मला किती मिळाली?"

"ताई, आकड्यांत काय ठेवलंय?"

"माझी मतं ठेवलीत," त्या शांतपणे म्हणाल्या. मीही उभी राहिले आणि चिठ्ठ्या दाखवा म्हटलं. नवरा खालून ओढणी ओढत होता. चिठ्ठ्या कचरा सोडायच्या नळीत, शूटमध्ये, टाकल्या, असं उत्तर आलं. तिसरं कुणी उठलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं आठवली की माझ्या तोंडाची चव जाते. हेमाताईंनी भांडण केलं नाही, गट केला नाही, शेखररावांचं अभिनंदनही सगळ्यांदेखत केलं. फक्त सेक्रेटरी सुपरमार्केटमध्ये भेटले की विचारायच्या, "तेवढा आकडा सांगायचा राहिलाय हं." बस, एवढंच. पण एवढ्यानं त्या 'आकडेवाल्या काकू' झाल्या. दिवाळी पहाटेचं बोलावणं त्यांना 'चुकून' गेलं नाही. काकूंना हार पचली नाही, असं ही मंडळी एकमेकांना सांगायची. कोंबडीच्या शेजारी उभी राहून हसत हार पचवलेली बाई ती! मी एकदा चिडून म्हटलं, "सोडून द्या ना. मी तर तुम्हालाच..." त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "सांगायचं नाही. मत गुप्त असतं." मग म्हणाल्या, "एक मिळालं असेल तर एक सांगावं गं त्यांनी. आपल्या बाजूनं किती माणसं आहेत ते तरी कळेल." त्या दिवशी मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले. हृदय आधीच कमकुवत झालं होतं. पुढच्या काही महिन्यांत दोनदा हॉस्पिटल झालं, आणि तिसऱ्यांदा त्या परत आल्या नाहीत.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. भाषणं उत्तम झाली, मराठी माणसाला मेलेल्याबद्दल बोलायला सांगा. मग चहाच्या वेळी एकेक जण माझ्याजवळ येऊन कानाशी लागायला लागला. "तुम्हाला म्हणून सांगते, मी त्यांनाच मत दिलं होतं." "आमच्या घरातली दोन्ही त्यांनाच हं." मी हिशेबाची बाई, न ठरवताही डोक्यात बेरीज होतच राहिली, आणि बघता बघता ती अर्ध्या मंडळापलीकडे गेली. एकतर ही माणसं आज खोटं बोलत होती, नाहीतर तेव्हा हेमाताई निवडून आल्या होत्या. शेवटी खुद्द शेखरराव आले. "खरं सांगू का वहिनी, मीसुद्धा त्यांनाच दिलं होतं. स्वतःला मत देणं बरं दिसत नाही ना."

"मग आकडा सांगा," मी म्हटलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज उतरला. "आकडा नाहीये, वहिनी. आम्ही मोजलीच नाहीत. एकही चिठ्ठी उलगडली नाही, तशाच टाकून दिल्या. त्या पडल्या असत्या तर त्यांना वाईट वाटलं असतं, मी पडलो असतो तर... म्हणजे मंडळच फुटलं असतं. आम्ही आत नुसते थोडा वेळ थांबलो. सगळ्यांच्या भल्याचंच बघितलं." आणि हे सांगताना त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर, शपथेवर सांगते, समजूतदारपणा होता. मी कप ठेवला आणि चप्पल घालून निघाले. दोन वर्षं ती बाई जो आकडा मागत होती, तो कुणाकडे नव्हताच. हे मी केतकीला अजून सांगितलेलं नाही. इथं वाचेल.

परवा शुक्रवारी तिच्याकडे गेले होते. हेमाताईंनी त्या घराला एक सवय लावली होती. शुक्रवारी रात्री काय जेवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, सगळ्या पदार्थांची मतं मोठ्यानं वाचायची, आणि मगच उठायचं. हेमाताईंची मुगाची खिचडी दर शुक्रवारी उभी राहायची आणि हॉकर सेंटरच्या, म्हणजे जवळच्या खाऊच्या टपऱ्यांवरच्या, नूडल्सकडून हरायची. नात आता मोजते. तिनं चिठ्ठ्या उलगडल्या, टेबलावर लावल्या आणि वाचलं, "नूडल्स, थ्री. डोसा, वन. आजीची खिचडी, झीरो." मग तिनं आजी विचारायची तसं सगळ्यांकडे बघून, शेवटी इथला सिंगापुरी 'लाह' जोडून विचारलं, "मान्य? मावशी, ओके लाह?"

मी म्हटलं, नाही, पुन्हा मोज.

तिनं कुरकुर केली नाही. चिठ्ठ्या पुन्हा एकत्र केल्या, पुन्हा एकेक उलगडून दाखवली, पुन्हा सगळी नावं वाचली. खिचडी शून्यच आली. मग मी मान्य म्हटलं.