बाईंचे चौदा अर्धविराम

खरं सांगायचं तर बाई मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. शाळेतली नोकरी सुटल्यावर त्या आमच्या छापखान्यात प्रुफं तपासायला आल्या, तेव्हा माझी तिथे अठरा वर्षं झाली होती. बाई पंचेचाळिशीच्या, घरी अंथरुणाला खिळलेला नवरा, डब्यात रोज कालचंच काहीतरी. कुणालाही दया यावी. मला यायची नाही, कारण त्यांचं काम चांगलं होतं.

आमच्याकडे प्रुफं दोघांनी तपासायची. एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर खुणा करायच्या. बाईंचा आवाज बसका, म्हणून वाचणं माझ्याकडे. त्या पेन्सिलने अर्धविराम घालायच्या आणि दुसऱ्या वाचनात तो मलाच उच्चारावा लागायचा. "वडील गेले, अर्धविराम, मी चष्मा पुसला." दिवसभर मी त्यांचंच कौतुक गातोय असं वाटायचं.

एकदा मी विचारलं, "पूर्णविरामाने काय घोडं मारलंय तुमचं?"

"पूर्णविराम म्हणजे दाराला कडी घालणं," त्या म्हणाल्या. "अर्धविराम म्हणजे नुसतं लोटून ठेवणं. आत अजून कुणीतरी असतं."

असलं काही मला कधी सुचत नाही.

चष्म्याचं ते वाक्य ज्यांचं, ते लेखक आधीच्या पुस्तकाच्या वेळी सगळ्या छापखान्यासमोर म्हणाले होते, "माझ्या वाक्यांना श्वास दिला तो बाईंच्या अर्धविरामांनी." त्याच पुस्तकात मी दोनशे चुका पकडल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे दुसरं पुस्तक आलं तेव्हा ठरवलं, या वेळी बाईंवर लेखकाची नाराजी ओढवली पाहिजे आणि तिसरं पुस्तक माझ्याकडे आलं पाहिजे.

शेवटच्या प्रुफावर बाईंनी शाईने सही केली आणि खाली यंत्रावर द्यायला कागद माझ्या हाती दिले. मी जिन्यात बसलो, खोडरबर काढला आणि त्यांचे चौदा अर्धविराम पुसून टाकले. लेखकाचे पूर्णविराम होते तसे राहिले. सही बाईंची, तेव्हा बोलणीही त्यांनाच बसणार.

पुस्तक निघालं. लेखक आले ते सरळ बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, या वेळी तुम्ही मला थांबू दिलंत. 'वडील गेले', आणि पूर्णविराम. वाचताना मीच तिथे थांबलो. तिसरं पुस्तक तुम्हीच बघायचं."

बाईंनी नुसती मान हलवली.

ते गेल्यावर पेन्सिलीला टोक करता करता त्या म्हणाल्या, "चौदा पुसलेत तुम्ही. त्यातले अकरा जायलाच हवे होते. सांगितलं असतंत, तर मीच पुसले असते. उद्या सांगते त्यांना, हे तुमचं काम म्हणून."

सहीनंतर कागदाला हात लावल्याचं मालकांना कळलं असतं, तर माझी नोकरी गेली असती.

"नका सांगू," मी म्हणालो.

"बरं."

त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. मी मात्र रोज घरी ते पुस्तक काढून चौदाही जागा पुन्हा पुन्हा वाचतो. उरलेले तीन कोणते ते मला अजून कळलेलं नाही, आणि बाईंना विचारायला जीभ रेटत नाही.