एक अक्षर, बा

बल्लारशाच्या फलाटावर बानं माझी बॅग डब्यात ठेवली, खाली उतरला आणि खिडकीशी उभा राहिला. "पोहोचली का फोन करजो," एवढंच म्हणाला. गाडी हलली तेव्हा मी म्हटलं, "बा, जा आता घरी." त्यानं मान हलवली आणि तिथंच उभा राहिला. आमच्याकडे बापाला बा म्हणतात आणि अरे-तुरे करतात. माझ्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना ते गावंढळ वाटतं. वाटू द्या.

बंगळुरात यशवंतपूरला उतरले तर स्टेशनबाहेर एक माणूस टेम्पो मागे घ्यायला लावत होता. "बा, बा, बा, साकु." मला वाटलं, ह्याचा बाप टेम्पो चालवतोय. पुढे कळलं, कन्नडमध्ये बा म्हणजे ये आणि साकु म्हणजे पुरे.

मी घरकाम करणाऱ्या बायांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते, त्यामुळे शब्द हातात राहतात. शेजारची गुजराती सून सासूला बा म्हणते. त्यांच्यात ती आई. हिंदी पत्रकात 'बाइज्जत' लिहिताना समजलं की तो बा फारसीतून आलाय आणि त्याचा अर्थ 'सह'. कन्नडमधला बा येण्याच्या क्रियापदातला, पण तो फक्त आपल्या माणसाला नाहीतर लहानाला. परक्याला, वडीलधाऱ्याला 'बन्नी' म्हणायचं. या फरकावर मी अख्खं पत्रक लिहिलंय. कारण इथल्या सोसायट्यांत विशीतली पोरं साठीच्या मोलकरणीला 'बा' म्हणून बोलावतात आणि कुत्र्याला इंग्रजीत प्लीज म्हणतात.

माय गेली आणि बा एकटा पडला. लाइनमनची नोकरी संपलेली. मी त्याला के. आर. पुरमला माझ्या भाड्याच्या घरी आणलं. महिनाभर राहून बघ, जमलं तर कायमचा राहा, असं ठरलं. तो गॅलरीत उभा राहून विजेच्या तारांच्या जोडण्यांना नावं ठेवायचा. बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

एका रविवारी भाजी घेऊन आलो. बाच्या खांद्यावर पिशवी, अंगात चुरगळलेला पायजमा-सदरा. लिफ्टशी सोसायटीचा सेक्रेटरी होता, माझ्याच वयाचा. त्यानं बोट वाकवलं. "ए, बा इल्ली."

बाचा चेहरा उजळला. "पाह्य," मला म्हणाला, "मले बा म्हणते हा पोरगा. कोणाचा होय?"

मी सेक्रेटरीकडे वळले. "बन्नी म्हणा. वडील आहेत माझे."

"सॉरी मॅडम, वर्कर समझा. उनकी लिफ्ट पीछे है."

"वर्कर असते तर बा चाललं असतं?"

"स्वल्प अॅडजस्ट माडी, मॅडम," तो म्हणाला. थोडं जमवून घ्या. मी जमवून घेतलं नाही. पत्रकात होतं ते सगळं त्याला तोंडी ऐकवलं. बा पिशवी न उतरवता ऐकत राहिला.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "तो काय म्हणे मंग?" मी सांगितलं. गोड खोटं बोलता आलं असतं, पण कुणाला कसं बोलावलं जातं हे सांगणं हेच माझं काम आहे.

तो भेंड्या निवडत होता. "तू बी तं मले अरे-तुरेच करतं."

"माझं वेगळं."

"तेच म्हणतो. तुहं वेगळं. बाकीच्याइले काय भांडून भांडून शिकवशील?"

"शिकवीन. तू थांब ना इथं."

"नाही बा," तो म्हणाला. नकाराची धार बोथट करणारा हाही एक बा, आपलाच. "जिथं बा म्हटलं का बापच समजते, तिथंच मी बरा."

महिना भरायच्या आत तो गेला. मागच्या लिफ्टवरची 'फक्त कामगारांसाठी' ही पाटी अजून आहे, सोसायटीशी आमचं भांडणही आहे. गावाकडचे तुम्ही म्हणता, परत ये. इथं व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांत रमलेले तुम्ही म्हणता, सोड ना, कॅब बुक कर आणि ऑफिसला जा. दोन्ही जमत नाही. मला आता कन्नडमध्ये राग येतो आणि मराठीत वाईट वाटतं. घर कुठलं, हे एका शब्दात सांगता यायचं, ते दिवस गेले.

फोनवर मी "बा" म्हटलं की तो हल्ली म्हणतो, "येतो, येतो," आणि स्वतःच हसतो. तो येत नाही. मीही जात नाही. फोन मात्र लवकर कुणी ठेवत नाही.