बाहेरचं बाकडं

नाशिक रोडच्या एका प्रसूतिगृहात मी परिचारिका होते, तेव्हा दर बुधवारी दुपारी गरोदर बायका आणि नव्या बाळंतिणी यांचा वर्ग घ्यायचे. ऐंशी सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. माझा एक नियम होता: सासवांनी बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसायचं. सासू शेजारी असली की सुना तोंडात गुळणी धरून बसत. दार लावलं की हसत, मनातलं विचारत. या नियमाचा मला भारी अभिमान होता.

त्यांत एक पोरगी फार हुशार. नवरा कारखान्यात, माणसं मूळची येवल्याकडची. बाळाला जुलाब झाले तर काय करायचं, असं विचारलं की तिचं उत्तर तयार असायचं. अंगावरचं पाजत राहायचं, उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात चमचाभर साखर नि चिमूटभर मीठ घालून थोडं थोडं द्यायचं, आणि दवाखाना गाठायचा. मी बाकीच्यांना म्हणायचे, "हिच्याकडून शिका."

एका उन्हाळ्यात तिच्या पाच महिन्यांच्या मुलाला जुलाब लागले. सासूने दूधपाणी तोडलं. पोट रिकामं राहिलं की बांधून येतं, अशी तिची समजूत. सुनेने दोनदा साखर-मिठाचं पाणी केलं, सासूने दोन्ही वेळा ते मोरीत ओतलं. "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाह्यलेत मी." दुसऱ्या दिवशी मूल गेलं.

मी भेटायला गेले ती धुमसतच. म्हातारीला चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी काही बोलायच्या आत सासूच म्हणाली, "बाई, दर बुधवारी तिला मीच आणत व्हते. दाराबाहेरच बसले व्हते ना? मला का नाय सांगितलं?"

मला लाज वाटली, ती अजून वाटते. पुढच्या बुधवारी मी बाकडं आत घेतलं. खोलीत जागा उरली नाही, सुना गप्प झाल्या, सासवा माझ्याशी वाद घालू लागल्या. अनेकदा डोकं फिरायचं, पण बाकडं परत बाहेर नेलं नाही.

दीडएक वर्षाने ती सासू एकटीच वर्गात आली. सुनेला पुन्हा दिवस गेल्याचं कानावर होतं. मी विचारलं, "सुनेला नाही आणलं?"

"तिला समदं येतंय, बाई," ती बाकड्यावर टेकत म्हणाली. "शिकायचं माझं ऱ्हायलंय."